इम्प्लांट स्नायूखाली की स्नायूवर? दुखणं आणि सावरणं

स्तन काढल्यावर तो पुन्हा घडवताना, म्हणजे स्तनाच्या पुनर्रचनेत, इम्प्लांट (आत बसवायची कृत्रिम पिशवी) छातीच्या मोठ्या स्नायूखाली बसवतात, नाहीतर स्नायूवर, थेट त्वचेखाली. पुढचे काही आठवडे कसे जातील हे बरंचसं यावर ठरतं.

स्नायूखाली बसवताना तो स्नायू खालून सोडवून ताणावा लागतो. म्हणून छातीभोवती पट्टा करकचून आवळल्यासारखं वाटतं, मधूनच पेटके येतात. हाताने रेटा देऊन उठलं की कळ येते, त्यामुळे उशाकडची बाजू उंच ठेवा आणि उठताना कुणाला तरी पाठीला आधार द्यायला सांगा. कणीक मळताना किंवा कुकरचं झाकण फिरवताना हाच स्नायू आवळतो. जखम भरल्यावरही काहींचा स्तन अशा वेळी वर ओढला जातो.

स्नायूवर बसवलं तर हा त्रास बहुतेक टळतो आणि दुखणंही सहसा कमी असतं. मात्र त्वचा पुरेशी जाड आणि तिचा रक्तपुरवठा चांगला हवा. अंगाने बारीक असाल तर इम्प्लांटच्या कडा, सुरकुत्या दिसू शकतात. केवळ दुखणं कमी म्हणून, त्वचा पातळ असताना हा हट्ट धरू नये. त्वचा दगावली तर इम्प्लांटही काढावं लागू शकतं.

आतलं पाणी बाहेर खेचणारी नळी, म्हणजे ड्रेन, दोन्ही पद्धतींत बहुधा असतोच. त्याच्या टोकाचा फुगा दाबलेलाच राहू द्या, नाहीतर ओढ थांबून आत पाणी साचतं. फुगा कपड्याला पिनने अडकवा, लोंबता ठेवू नका. रोजचा स्राव साधारण 30 मिलिलिटरखाली आला की ड्रेन काढतात. लाली, गरमपणा किंवा 38 अंश सेल्सिअस ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.