सहावी ते आठवीचं गणित: छोटे गट की हाताने करायचे प्रोजेक्ट, आधी काय सुरू करायचं?

फळ्यावर सगळं नीट समजावलं, मुलांनी माना हलवल्या, वहीत उतरवून पण घेतलं, आणि आठ दिवसांनी तेच गणित नुसते आकडे बदलून दिलं की अर्धा वर्ग गप्प. सहावी-सातवीला गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो आणि मग वाटतं की काहीतरी वेगळं करायला पाहिजे. तेव्हा दोन गोष्टी समोर येतात, एक म्हणजे मुलांचे छोटे गट करून त्यांनाच गणितं सोडवू द्यायची आणि दुसरी म्हणजे प्रोजेक्ट, म्हणजे मोजा, कापा, बनवा. लोक या दोन्हीबद्दल एकाच दमात बोलतात पण मी दोन्ही करून बघितलंय आणि मला वाटतं दोन्हींचं काम पार वेगळं आहे. आणि तुम्हाला सध्या एकालाच वेळ देता येणार असेल तर गटांपासून सुरुवात करा. का ते सांगते.

गटात बसलं की मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकू येतं, हा सगळ्यात मोठा फायदा. उदाहरण घ्या, 2/3 + 3/4. वर्गात हमखास कोणीतरी 5/7 लिहितं, वरचे वर मिळवले खालचे खाली. वहीत आपण लाल फुली मारतो आणि पुढे जातो, मूल पण पुढे जातं, चूक मात्र तिथेच राहते. तिघांच्या गटात तेच उत्तर आलं आणि एकाने विचारलं की अरे 5/7 म्हणजे साधारण 0.71 आणि 3/4 म्हणजे 0.75, मग मिळवल्यावर कमी कसं झालं, की तिथे तिघंही थांबतात. तो प्रश्न बरोबरीच्या मुलाकडून आला की जे होतं ते माझ्या दहा वेळा समजावण्याने होत नाही. दशांशाचं पण तसंच, 0.35 हे 0.5 पेक्षा मोठं कारण 35 मोठे, असं मानणारी मुलं सातवीत पण भरपूर असतात, फक्त एरवी ती बोलत नाहीत म्हणून आपल्याला कळत नाही.

पण गट म्हणजे बाकं जोडून बसवणं नव्हे. बसवून दिलं की काय होतं, एक मूल सोडवतं, दोघं उतरवतात आणि चौथा असेल तर तो खिडकीबाहेर बघतो. नोरीन वेब या अमेरिकन संशोधिकेचं गटांमधल्या बोलण्यावर बरंच काम आहे आणि त्यातली मुख्य गोष्ट शिक्षकांनी लक्षातच ठेवावी अशी आहे, की जो नीट फोडून समजावतो त्याचं शिकणं पक्कं होतं, आणि ज्याला नुसतं आयतं उत्तर मिळतं त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून माझे नियम ठरलेले आहेत. गट तिघांचाच. पेन ज्याच्या हातात त्याने स्वतःच्या मनाचं लिहायचं नाही, दुसरे सांगतील ते लिहायचं आणि पेन फिरत राहणार. शेवटी गटातला कोण सांगणार हे मी ऐनवेळी ठरवणार, त्यामुळे तिघांनाही आलंच पाहिजे. पीटर लिल्येदाल हे कॅनडातले संशोधक तर सांगतात की गट चिठ्ठ्या टाकून करा आणि मुलांना उभं राहून फळ्यावर, म्हणजे पुसता येईल अशा जागी लिहू द्या. मी करून बघितलं, पुसता येतं म्हटल्यावर घाबरणारी मुलं पण लिहायला लागतात. हुशार आणि कच्चे असे कायमचे गट मात्र करू नका, कुठला गट कसला हे मुलांना पहिल्याच दिवशी कळतं आणि ते मनातून जात नाही.

अजून एक, गणित गटाच्या लायकीचं पाहिजे. एकाच छापाच्या दहा बेरजा द्यायच्या असतील तर गट कशाला? त्यापेक्षा विचारा, परिमिती 24 सेंमी आणि बाजू पूर्ण संख्या, असे किती आयत होतील आणि सगळ्यात जास्त क्षेत्रफळ कुणाचं. 11, 20, 27, 32, 35 आणि शेवटी चौरसाचं 36, हे आकडे एकाखाली एक आले की मुलं स्वतःच म्हणतात, बाई यांच्यातला फरक बघा, दोन दोनने कमी होतोय.

आता प्रोजेक्ट. प्रोजेक्टने जे होतं ते गटाने होत नाही, ते म्हणजे गणिताची गरज तयार होते. माझा सगळ्यात आवडता म्हणजे उघड्या डब्याचा. 20 सेंमी बाजूचा चौरस कागद, चारी कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे आणि दुमडून डबा करायचा, कुणाच्या डब्यात सगळ्यात जास्त मावेल? 2 सेंमी कापले तर घनफळ 512 घसेंमी, 5 कापले तर 500, 3 कापले तर 588, 4 कापले तर 576. कागद तोच आणि डबे वेगळे, याचंच मुलांना आधी आश्चर्य वाटतं. मग कोणीतरी म्हणतं मधलं घेऊ, साडेतीन, आणि येतं 591.5, मग 3.3 घेऊन बघतात तर 592.5 च्या थोडं वर. जी मुलं दशांशाचा गुणाकार टाळतात तीच इथे आपणहून करत बसतात कारण त्यांना उत्तर हवं असतं. दुसरा चांगला प्रोजेक्ट खोलीच्या नकाशाचा. 1:50 प्रमाण घेतलं तर 4 मी बाय 3 मीची खोली कागदावर 8 सेंमी बाय 6 सेंमी. मग क्षेत्रफळ विचारा, बहुतेक मुलं 50 ने भागतात आणि कागदावरच्या 48 चौसेंमीशी ते जुळत नाही, कारण खरा भागाकार 2500 ने आहे. ही चूक नकाशा समोर असताना जितकी कळते तितकी फळ्यावर कळवता येत नाही.

पण प्रोजेक्टमध्ये वेळ फार जातो हो. चार तास गेले आणि त्यातलं गणित वीस मिनिटांचं, बाकी सगळं डिंक, रंग आणि शीर्षक सुंदर अक्षरात. मी स्वतः सुरुवातीला असे प्रोजेक्ट करून घेतलेत, दिसायला छान होते पण नंतर परीक्षेत त्याच घटकावर मुलं अडली आणि मला खूप वाईट वाटलं, कारण मेहनत मुलांनी केली होती. तेव्हापासून मी एकच गोष्ट तपासते, यातलं गणित काढून टाकलं तरी वस्तू तशीच तयार होईल का? होत असेल तर तो हस्तकलेचा तास आहे, गणिताचा नाही. शिवाय जे मूल त्या घटकात अगदी नवीन आहे त्याच्यावर मोकळा प्रोजेक्ट टाकला की ते गोंधळतं. जॉन स्वेलर यांनी 1980 च्या दशकात हेच मांडलं, नवशिक्याला आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं लागतात, नाहीतर सगळी शक्ती चाचपडण्यातच जाते. म्हणजे फळा सोडायचा नाहीये, दोन्हीकडे पहिली दहा मिनिटं फळ्यावर लागतातच.

घटकाप्रमाणे पण बघा. गुणोत्तर, प्रमाण, क्षेत्रफळ, घनफळ, आलेख यांना प्रोजेक्ट छान बसतो. ऋण संख्या आणि समीकरणं यांना ओढून ताणून प्रोजेक्ट करू नका, तिथे दोन रंगांच्या सोंगट्या आणि तिघांचा गट पुरतो. लाल म्हणजे −1, निळी म्हणजे +1, एक लाल आणि एक निळी मिळून शून्य. −3 − (−5) साठी तीन लाल सोंगट्या ठेवल्या, पाच लाल काढायच्यात पण तीनच आहेत, मग लाल-निळ्याच्या दोन शून्य जोड्या आणल्या, पाच लाल उचलल्या, दोन निळ्या उरल्या, उत्तर 2. दहा मिनिटांचं काम. फक्त तिथेच थांबू नका, सोंगट्यांनंतर चित्र आणि चित्रानंतर चिन्हं हा प्रवास झाला पाहिजे, नाहीतर सोंगट्या काढून घेतल्या की गणित पण जातं.

मार्कांचा प्रश्न दोन्हीकडे येतो. गटाला एकच मार्क देऊ नका, तासाच्या शेवटी प्रत्येकाला एक छोटं गणित एकट्याने करायला द्या. प्रोजेक्टला दिसण्याचे मार्क शून्य, आकडा कसा काढला आणि तोच का घेतला याचेच मार्क.

तर वर्ग मोठा असेल, पोर्शन मागे असेल किंवा तुम्ही नवीन असाल तर गट, ते उद्याच्या तासाला पण सुरू होतात आणि फसलं तर एकच तास जातो. मुलं आळशी नाहीत पण हे शिकून करायचं काय असं विचारतायत आणि तुमच्याकडे लागून दोन तास आहेत, तर एक प्रोजेक्ट घ्या. मी वर्षाचे पहिले सहा-आठ आठवडे फक्त गट करते आणि मगच प्रोजेक्ट, कारण तोपर्यंत मुलं एकमेकांशी गणितावर बोलायला, नाही पटलं तर का नाही ते सांगायला शिकलेली असतात. आणि पहिला डब्याचाच घेणार असाल तर कात्री हातात देण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या, किती सेंमी कापल्यावर सगळ्यात जास्त मावेल, आणि तो कागद डबे मोजून होईपर्यंत तुमच्याकडेच ठेवा.