‘घासल्यावर चांदी निघाली’ म्हणणाऱ्या माणसापासून सावध

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा पट्ट्यात, आणि कानावर येतं ते खरं असेल तर वरूड-मोर्शीकडेही, एक माणूस जुन्या पलटणवाल्यांची घरं शोधत फिरतोय. मोटारसायकल, पाठीला काळी बॅग, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. लढाईतल्या जुन्या पदकांची ‘नोंदणी’ करतो म्हणून सांगतो. आमच्या घरून त्यानं पणजोबांचं पदक नेलं आणि त्या जागी भलतंच आणून ठेवलं. कसं, ते खुलाशानं लिहितो, कारण याची युक्ती अशी की फसलेलं घरच त्याला जेवू घालून पाठवतं.

आमच्याकडं पाच पदकं होती. चार आजोबांची. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी झाली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते भरती झाले आणि ब्रह्मदेशात गेले. 1939-45 चा तारा, बर्मा स्टार, वॉर मेडल आणि हिंदुस्थानचा नकाशा असलेलं इंडिया सर्व्हिस मेडल, अशी ती चार. पाचवं त्यांच्या वडिलांचं. पणजोबा बंदूकवाले नव्हते. पहिल्या महायुद्धात ते पोर्टर कोअरमध्ये हमाल म्हणून इराकातल्या बसऱ्याला गेले. बोटीतून पोती उतरवायची, रेल्वेचे रूळ वाहायचे, असलं काम. त्यांचं पदक तपकिरी रंगाचं, विटेसारखं काळपट. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसरीकडं उघडा घोडेस्वार, घोड्याच्या पायाखाली गरुडाची ढाल, आणि कडेला 1914 आणि 1918. फीत केव्हाच कुजली होती. आजी ते तंबाखूच्या डबीत ठेवायची.

हा गडी आला तेव्हा घरी आजी आणि आई. बाकी सगळे वावरात, तुरीची कापणी सुरू होती. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं बॅगेतून फाइल काढली. त्यात पदकांचे रंगीत फोटो, गोल शिक्के मारलेले कागद, कुठल्याशा समारंभात पाहुण्यांच्या बाजूला उभा असलेला त्याचा स्वतःचा फोटो. आजोबांची चारही त्यानं बघितल्यासारखी केली. डबी उघडली तेव्हा मात्र, आई सांगते, तो उठून दारापाशी उजेडात गेला आणि पदकाची नुसती कड फिरवत राहिला.

मग कायदा निघाला. “आजी, हे शंभर वर्षांवरचं हाय. पुरातत्त्वात येते. नोंद नसंल तर उद्या कोणी तक्रार केली का त्रास तुम्हालेच.”

आजी म्हणाली, “आमच्या घरचं आमचं. त्यात तक्रार कायची जी?”

पण ‘तक्रार’ आणि ‘पोलीस’ हे शब्द म्हाताऱ्या माणसाच्या घरात टाकले की काम होतं, हे त्याला ठाऊक होतं. वर त्यानं पावती दिली, दोन हजार रुपये ‘अनामत’ ठेवले आणि पाचही पदकं रीतसर रुमालात बांधून घेतली. पैसे देणारा माणूस चोर कसा असेल? आजोबांच्या टोपीचा बिल्लाही त्यानं मागितला, कोरेगावच्या स्तंभाचा, रेजिमेंटच्या सुरुवातीच्या काळातला. तो बाबासाहेबांच्या फोटोजवळ असतो. आजीनं चक्क नाही म्हटलं. तो दोनदा फिरून त्याच गोष्टीवर आला, पण तिथं त्याची डाळ शिजली नाही.

दोनेक आठवड्यांत तो खरंच परत आला. हीच त्याची खरी चलाखी. निळ्या मखमलीची फ्रेम, काचेखाली पाचही पदकं, नव्या कोऱ्या फिती. आणि पणजोबांचं पदक लख्ख पांढरं!

“आजी, घरात चांदी होती अन् तुम्हाले मालूमच नाई. शंभर वर्षांचा मळ होता. घासल्यावर चांदी निघाली.”

घरात आनंदीआनंद. अनामत त्यानं परत घेतली, फ्रेमचे पैसे घेतले, कढीगोळे खाऊन गेला.

14 एप्रिलला समाजमंदिरात ती फ्रेम मांडली होती. शेजारच्या गावचे एक निवृत्त सुभेदार आले होते, महार रेजिमेंटचेच, सागरला ट्रेनिंग झालेले. त्यांनी फ्रेम मागून उघडायला लावली. पांढरं पदक बोटांत धरून कड फिरवली आणि विचारलं, “नाव कुठी हाय बापू?”

मग स्वतःच्या छातीवरचं 1971 चं संग्राम मेडल तिरपं करून दाखवलं. कडेवर बारीक अक्षरांत त्यांचा नंबर, हुद्दा, नाव. पहिल्या महायुद्धातल्या पदकांवरही तसंच असतं. नंबर, हुद्दा, नाव, तुकडी, सगळं कडेवर ठोकलेलं. पणजोबांच्याही होतं. माझ्या वडिलांनी लहानपणी ते बोटानं चाचपलेलं आहे. फ्रेममधल्या पदकाची कड गुळगुळीत होती, आणि नीट पाहिलं तर तिच्यावर कानशीचे उभे ओरखडे.

दुसऱ्या दिवशी आर्वीला सराफाकडं गेलो. चांदी नाहीच, पांढऱ्या मिश्रधातूवर नुसतं पाणी चढवलेलं. त्याच्याकडच्या मापानं व्यास 35 मिलिमीटरच्या जरा वर भरला. अस्सल 36 चं असतं. खऱ्या पदकावरून साचा काढून त्यात धातू ओतला की थंड होताना तो आकसतो, म्हणून अशी नक्कल थोडी बारकी भरते. घोड्याच्या पोटावर सुईच्या टोकाएवढी भोकं होती, तीही ओतकामाचीच खूण. टाकसाळीत छाप्याखाली दाबलेल्या पदकावर असली भोकं पडत नाहीत आणि अक्षरांचे कोपरे धारदार राहतात. यावरची अक्षरं चघळल्यासारखी.

आता त्यानं नेलं ते काय होतं? हे ब्रिटिश वॉर मेडल. लढणाऱ्यांना ते चांदीचं मिळालं, अशी सुमारे 65 लाख निघाली. मजूर आणि हमालांच्या तुकड्यांना तेच कांस्याचं दिलं. चिनी, माल्टाचे आणि आपले हिंदी मजूर मिळून ती सुमारे 1 लाख 10 हजार. सरकारनं मेहनतीतही उतरंड लावली होती, पोतं वाहणाऱ्याला चांदी नाही. आज संग्राहक शोधतात ते मात्र हेच तपकिरी. आणि आपल्याकडं चांदी म्हटली की सगळ्यांचे डोळे फिरतात. त्या माणसानं नेमकं तेच हेरलं. चांदीच्या पदकाची नक्कल त्याच्याकडं तयार होती, कांस्याची नसावी, म्हणून त्यानं ‘मळ निघाला’ ही गोष्ट रचली. चांदी काळी पडते हे खरं. पण ती घासली तर पुन्हा पांढरी होते, आणि कांस्य कितीही घासा, तांबूस-पिवळंच निघतं. आजोबांची चारही पदकं त्यानं जशीच्या तशी परत दिली, त्यामुळं संशय यायला जागाच उरली नाही.

कायद्याचं म्हणाल तर 1972 चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, तो काही त्यानं मनानं काढला नव्हता. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूचा धंदा करायला परवाना लागतो, आणि ती देशाबाहेर नेणं खासगी माणसाला मना आहे. पणज्याचं पदक घरच्या डबीत ठेवणं हा गुन्हा नाही. म्हणजे ज्या कायद्याचं भेव त्यानं आजीला घातलं, तो खरं तर त्याच्याच मानेवर होता.

ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांना ‘पदक’ म्हणजे शाळेतलं वाटलं. किंमत विचारली, ती सांगता येईना, मग नुसता अर्ज घेतला. पोच मात्र मागून घेतली. पावतीवरचा मोबाइल नंबर बंद, पत्ता नागपूरचा, त्या गल्लीत असलं कोणतंही ऑफिस नाही. आमच्या हाती पुरावा म्हणून एकच गोष्ट आली. पुतण्यानं शाळेच्या प्रकल्पासाठी मोबाइलवर काढलेला जुना फोटो. त्यात पदक तपकिरी दिसतं. कडेचा फोटो कुणीच काढलेला नव्हता, आणि कडेवरची ती नावाची ओळ सोडली तर बसऱ्याला गेलेल्या त्या माणसाचा दुसरा कागद घरात नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांनी आधी कडेचा फोटो काढा, चारही बाजूंनी फिरवून, दिवसाच्या उजेडात. वजन करून ठेवा. चिंच, राख, ब्रासो काही लावू नका, अक्षरं झिजतात आणि नंतर ओळख पटवणं अवघड जातं. कुणाला खरंच अभ्यास करायचा असेल तर तो ओसरीवर बसून फोटो काढेल, वस्तू न्यायची त्याला गरज नाही. शंका आलीच तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, ओळखपत्राच्या भरवशावर राहू नका.

गेलेल्या पदकाचा जुना फोटो मी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला, तर त्याचं निराळंच शेपूट निघालं. हिंदीत बोलणाऱ्याचा फोन आला, तसंच पदक आमच्याकडं अजून असेल तर तीन लाख देतो म्हणाला. फक्त आधी ‘फाइल चार्ज’ आणि जीएसटी भरा. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावानं हाच खेळ चालतो, रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये त्याबद्दल लोकांना जाहीर सावध केलं होतं. असलं पदक तीन लाखांना जात नसतं. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन लावा. आमचे गेले नाहीत, कारण फोन आईनं उचलला होता आणि तिनं त्याला आधी आमचं पदक आणून दे म्हणून असं झापलं की त्यानंच फोन कापला.