१०० टनी बोल्टेड सिमेंट सायलो: टाकी ठीक, फिल्टरने मात्र डोकं खाल्लं

दिंडोरी रोडला आमचा तासाला ३० क्यूब (घनमीटर) काँक्रीट बनवणारा छोटा बॅचिंग प्लांट आहे, त्याला १०० टनी बोल्टेड सायलो, म्हणजे सिमेंट साठवायची उभी टाकी लावलीय, एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा त्याच्यावर काढून झाला म्हणून आता लिहितोय. अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून घेतला. नाव टाकत नाही, सर्व्हिसला अजून त्याचाच माणूस येतो राव, उगाच कशाला.

सध्या २०२७ च्या कुंभमेळ्याच्या कामांमुळे नाशकात जो तो प्लांट टाकायला निघालाय आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती टनाचा घेऊ. याचा हिशोब बल्करवरून, म्हणजे सुटं सिमेंट आणणाऱ्या टँकरवरून करा. बल्कर येतो साधारण ३० टनांचा, आता समजा तुम्ही ६० टनी सायलो घेतला तर तो निम्मा रिकामा होईपर्यंत बल्कर खाली करायला जागाच नाही, आणि प्लांट जोरात चालला की घनमीटरला ३०० किलो जरी धरलं तरी तासाला ९ टन सिमेंट जातं, म्हणजे उरलेलं ३० टन साडेतीन तासात साफ. तेवढ्यात बल्कर ट्रॅफिकमध्ये अडकला किंवा ड्रायव्हर धाब्यावर झोपला की पार्टीचा स्लॅब अर्ध्यात. म्हणून १०० च्या खाली जाऊ नका. आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्राची फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) भरायची असेल तर हा आकडा विसरा, ती सिमेंटपेक्षा बरीच हलकी असते, १०० टनी म्हणून विकलेल्या सायलोत ६०-७० टनाच्या आसपासच बसते. विकणारा हे आपणहून सांगत नाही.

बोल्टेड का घेतला तर वेल्डेड अख्खी टाकी ट्रेलरवर आणायची म्हणजे वायरी, कमानी, पोलीस, सगळं बघत बसा. बोल्टेडचे पत्रे एका ट्रकमध्ये आले, जागेवर जोडले, उद्या साइट हलली तर खोलून नेता येईल. पण प्रत्येक सांधा म्हणजे पाणी शिरायची जागा. माल भरायच्या आधी, सायलो नवा कोरा रिकामा असताना फिटर आत उतरला, वरचं झाकण बंद करून घेतलं आणि भर दुपारी आतून उजेड कुठे दिसतो ते बघितलं. तीन-चार ठिकाणी टाचणीएवढे ठिपके चमकत होते, तिथे खडूने खुणा केल्या आणि सीलंट भरून घेतलं. हे त्याच वेळी करून घ्या. एकदा माल भरला की आत माणूस उतरवायचा नाही म्हणजे नाही, सिमेंट अंगावर ढासळलं तर वर ओढून काढता येत नाही.

फाउंडेशनबद्दल थोडक्यात. आमच्याकडे वर काळी माती, त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खाली गेलो. भरलेल्या सायलोचं एकेका पायावर २७-२८ टन येतं हे सगळ्यांना कळतं, पण वाऱ्याने उचलायची भीती रिकाम्या सायलोला जास्त असते, म्हणून अँकर बोल्टमध्ये काटकसर नको, डिझाइन इंजिनिअरकडूनच करून घ्या.

आता मुख्य दुखणं, वरचा फिल्टर. बल्करवाला कंप्रेसर लावून ४ इंची पाइपातून सिमेंट वर फेकतो, सिमेंटबरोबर हवाही आत येते आणि तिला बाहेर पडायला फिल्टर हाच रस्ता. फिल्टर चोकअप झाला की आत प्रेशर वाढतं, मग छतावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उचलतो आणि सगळा धुरळा बाहेर. तोही जाम असेल तर छताचा पत्राच फुगतो. बल्कर संपत आला ना, ती शेवटची दोन मिनिटं सगळ्यात वाईट, माल संपलेला असतो आणि नुसती हवा सुसाट येते, तेव्हा ड्रायव्हरला प्रेशर कमी करायला लावायचं, तो वैतागतो, वैतागू द्या.

आम्हाला कोटेशनमध्ये २४ चौरस मीटरचा फिल्टर लिहून दिला होता, पहिल्याच महिन्यात धूळ उडायला लागली म्हणून झाकण उघडून आतल्या पिशव्या मोजल्या तर हिशोबात कमी भरल्या. फोन केला तर "साहेब, चालतंय तेवढं." चालत नव्हतं. शेजारी द्राक्षबाग आहे, पानांवर राखाडी थर बसला, बागवाले दादा बांधावर येऊन म्हणाले, "शेठ, फवारणी आम्ही करतो, तुम्ही नका करू." काय बोलणार यावर. भांडून फिल्टर बदलून घेतला.

मग पावसाळा. फिल्टर झटकायला जी कंप्रेसरची हवा लागते तिच्यात पाणी असतं, ते पाणी पिशवीवर बसलं की सिमेंटची खरवड तयार होते, मग कितीही झटका, पडत नाही. जुलैत मॉइश्चर सेपरेटर बसवला आणि ऑपरेटर रोज सकाळी कंप्रेसरच्या टाकीचा कॉक उघडून पाणी काढतो, तेव्हापासून शांतता आहे. नाशकात ही गोष्ट सायलोच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या, त्र्यंबक-इगतपुरीकडे प्लांट असेल तर दुप्पट जोर देऊन लिहा.

खालच्या बाजूला मात्र तक्रार नाही. टाकीचा खालचा निमुळता भाग, म्हणजे कोन, ६० अंशाचा, मालात हवा सोडणारे एअरेशन पॅड चांगल्या दर्जाचे, हवा थांबून थांबून सोडली की माल मस्त उतरतो, हातोडा मारायची वेळ आलेली नाही. जुना सायलो घेणाऱ्यांनी आधी कोनाचा पत्रा बघा, ठोकून ठोकून खळगे पडलेले असतील तर आत माल अडकायचा जुना आजार आहे. व्हायब्रेटरच्या भरवशावर राहू नका, खालचा व्हॉल्व्ह बंद असताना तो चालू राहिला तर सिमेंट उलट दाबून बसतं. फ्लाय अॅशला स्क्रूच्या, म्हणजे माल प्लांटकडे नेणाऱ्या कन्व्हेयरच्या आधी व्हॉल्व्ह पक्का लागतो, हवा भरलेली राख पाण्यासारखी वाहते, स्क्रू बंद असला तरी पलीकडे येते.

लोडसेलवाला (वजन मोजणारा सेन्सर लावलेला) सायलो असेल तर एक सांगून ठेवतो, वर कुठे वेल्डिंग करायचं असेल तर अर्थिंग कामाच्या जवळच लावा, करंट लोडसेलमधून गेला की तो गेलाच.

टाकीला पाचपैकी चार, फिल्टरला दीड, शिडी आणि कठडा मजबूत दिलाय म्हणून अर्धा जास्त. फ्लाय अॅशसाठी दुसरा सायलो याच माणसाकडून घेतोय, पण यावेळी फिल्टर वगळून कोटेशन मागितलंय, तो मी वेगळा आणणार.