केअर होमच्या नोकरीसाठी विकला जाणारा ‘लेव्हल ३ डिप्लोमा’

जोडीदाराच्या व्हिसावर इंग्लंडमध्ये आलेल्या आणि वृद्धांच्या देखभालीचे काम शोधणाऱ्या मराठी माणसांनी कोणत्याही अभ्यासक्रमाचे पैसे भरण्यापूर्वी हे वाचावे, यासाठी मी माझा अनुभव लिहीत आहे.

‘हेल्थ अँड सोशल केअर, लेव्हल ३ डिप्लोमा, संपूर्ण ऑनलाइन’ अशी ती जाहिरात होती. फोनवरच्या गृहस्थांनी अतिशय आदराने, हिंदीत, असे सांगितले की हा डिप्लोमा नसेल तर इथले एकही केअर होम दारात उभे करत नाही. हे धादांत खोटे होते. इंग्लंडमध्ये केअर असिस्टंट म्हणून कामाला लागण्यासाठी कायद्याने कोणतीही पदविका आवश्यक नाही. नव्या माणसाला शिकवण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्याची असते आणि त्यासाठी 2015 पासून ‘केअर सर्टिफिकेट’ नावाचे प्राथमिक प्रशिक्षण कामाच्या जागीच दिले जाते. आधी पदवी आणि मग नोकरी, या आपल्याकडच्या सवयीवरच हा सगळा धंदा उभा आहे, असे माझे मत झाले आहे.

शुल्क 395 पौंड होते; कार्डाऐवजी थेट बँकेतून पैसे पाठवले तर दहा टक्के सूट मिळणार होती. त्या सुटीचा अर्थ मला पुढे कळला. 100 पौंडांहून महाग वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डाने घेतली, तर 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम 75 नुसार विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. बँक ट्रान्सफरला हे संरक्षण मिळत नाही. याच सौद्यात त्यांनी ‘डीबीएस’ म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणीही विकली. ती निघाली साधी, बेसिक. केअर होमला लागते ती एन्हान्स्ड, म्हणजे अधिक सखोल, तपासणी, आणि ती केअर होमच आपल्या नावाने मागवते.

अभ्यासक्रम म्हणजे काही पीडीएफ आणि पर्यायी उत्तरांची एक चाचणी, जी पुन्हा पुन्हा देता येत होती. दुपारी चाचणी दिली आणि संध्याकाळी सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र ईमेलने हजर झाले.

मुलाखतीत व्यवस्थापिकाबाईंनी ते पाहून, न रागावता, एवढेच विचारले, “याचा क्वालिफिकेशन नंबर कुठे आहे?” ऑफक्वाल या नियामक संस्थेने मान्य केलेल्या प्रत्येक पात्रतेला तिरप्या रेघांनी तीन भागांत विभागलेला एक क्रमांक असतो आणि तो त्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही फुकट शोधता येतो. माझ्या कागदावर होते फक्त ‘सीपीडी’, म्हणजे आधीच काम करणाऱ्यांनी ज्ञान ताजे ठेवण्यासाठी केलेल्या छोट्या अभ्यासाची नोंद. पात्रतेची पातळी सांगणारे ‘लेव्हल ३’ हे शब्द विक्रेत्याने स्वतःच्या मनाने लावले होते आणि संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत तसे कबूलही केले होते. खरा ‘लेव्हल ३ डिप्लोमा इन अ‍ॅडल्ट केअर’ 58 क्रेडिटांचा असतो आणि त्यात मूल्यमापक तुम्हाला प्रत्यक्ष कामावर पाहतो. म्हणजे हातात प्रत्यक्ष देखभालीचे काम नसताना तो पूर्णच होऊ शकत नाही.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आले की ऑनलाइन खरेदी 14 दिवसांत रद्द करण्याचा हक्क मी, साहित्य लगेच उघडण्यासाठी चौकटीत खूण करतानाच, सोडून दिला आहे. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

अशा संस्थेचा फोन आला तर तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पात्रतेचा क्रमांक, ती प्रदान करणाऱ्या मान्यताप्राप्त मंडळाचे नाव, आणि मूल्यमापक कोणत्या ठिकाणी येऊन काम पाहणार याचे उत्तर. हे सारे इंग्लंडपुरते आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये केअर होमच्या कर्मचाऱ्यांना देखभाल क्षेत्राचे नियमन करणाऱ्या तिथल्या परिषदेकडे नोंदणीही करावी लागते, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांनी त्या परिषदेची मान्य पात्रतांची यादी आधी पाहावी.