चाचाचं गॅरेज, परभणी: आधी कान लावतेत, मंग पाना उचलतेत

माझी २०१२ ची स्विफ्ट पेट्रोल, मी तिचा तिसरा मालक, सव्वा लाखाच्या वर किलोमीटर झालेली. तिला तीन आवाज होते. छोट्या खड्ड्यात पुढून खटखट, साठच्या पुढं गेलं की घूंऽऽऽ, आन मागून टक टक, ते मात्र तिच्या मनात आलं तरच. आधी एका चकाचक वर्कशॉपात नेली (नाव घेत नाही), त्यांनी चक्कर पण न मारता बावीस हजाराचं एस्टिमेट दिलं, मी घाबरून नुसते पुढचे शॉकअप बदलून घेतले, साडेआठ हजार गेले आन खटखट तशीच, वरून म्हणतेत जुनी गाडी आहे साहेब आवाज तर राहणारच.

मंग मेव्हण्यानं गंगाखेड रोडकडचं चाचाचं गॅरेज सांगितलं. चाचा पहिलं वाक्य बोलले, "पहले गाडी खाली करो". डिकीतलं सगळं काढलं, मला चालवायला लावली आन स्वतः डिकीत मांडी घालून बसले! आपल्याकडं काळ्या मातीवरचे रस्ते आधीच लाटा आल्यासारखे, दोन किलोमीटरमधी टक टक सापडली. स्टेपनीखाली जॅकचा दांडा मोकळा होता, बाकी काही नाही. सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, पैसे शून्य.

घूं साठी आधी टायर पुढचे मागं केले, कारण झिजलेला टायर पण असाच घुमतो म्हणे. फरक नाही पडला. मंग मोकळ्या रोडवर साठला गाडी हलकी डावी उजवी घ्यायला लावली, उजवीकडं घेतली की आवाज वाढायचा. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे डावं बेअरिंग. तरी तेवढ्यावर विश्वास नाही, गाडी जॅकवर घेऊन चाक फिरवलं आन माझीच बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवली. जात्यात खडा आल्यावर हाताला लागतं ना, तसं बारीक करकर लागलं. उजव्या बाजूला काहीच नाही. नवीन बेअरिंग हातोडीनं न ठोकता लेथवाल्याकडं प्रेसवर बसवून आणलं, हे मला लई आवडलं.

खटखटीचं तर अजून सोपं, स्टॅबिलायझरच्या (वळताना गाडी कलू न देणारी आडवी दांडी) दोन्ही लिंक रॉड, म्हणजे ती दांडी सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या काड्या, खोलून ठेवल्या आन तशीच हळू चक्कर मारली, आवाज गायब. म्हणजे रॉडच गेलेल्या. शॉकअप कामून बदलले, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी गप. टायमिंग बेल्ट पण बदलून टाका म्हणलं तर हसले, या इंजिनला बेल्ट नाही, चेन आहे.

सगळं मिळून ३९०० झाले, सामान धरून. शॉकअपच्या निम्मे पण नाहीत.

आता वाईट बाजू. दोन दिवस लागतेत, फोन उचलत नाहीत, पक्कं बिल मागू नका, बसायला एक ट्रकचा टायर आहे. एसीचं काम करत नाहीत. डॅशबोर्डची उन्हातली करकर अजून यायलीच आहे, त्यावर म्हणले प्लास्टिक आहे, गाणे लावा. जायचं तर सकाळी दहाच्या आत जा, दुपारी ते डिकीत बसत नाहीत.