खेळांच्या पेटीला पहिला वर्ग, झूमच्या तासाला काठावर पास

कोरोनाच्या २०२०-२१ च्या काळात मुंबईची लोकल सगळ्यांसाठी सुरू नव्हती, चाळीच्या गॅलरीत जमायचं नव्हतं आणि मैदानाच्या फाटकाला कुलूप होतं. दिव्यांगांचे खेळ घरी पोचवणारी ही त्या दिवसांतली सेवा. अनामत भरली की पंधरा दिवसांसाठी खेळांची पेटी मिळते आणि आठवड्यातून दोनदा झूमवर एकत्र खेळ होतो. दोन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या असल्या तरी दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पेटीतली सर्वात चोख वस्तू म्हणजे अंधांचा बुद्धिबळ पट. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा तीन-चार मिलिमीटर उंच, प्रत्येक घराला भोक, मोहऱ्यांना खाली खुंटी आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक. पटभर बोटं फिरवली तरी डाव हलत नाही. खरी अडचण फोनवर खेळताना येते. पटाच्या उभ्या ओळी ए ते एच या अक्षरांनी ओळखतात आणि ‘बी’, ‘डी’, ‘ई’, ‘जी’ सगळं सारखंच ऐकू येतं. प्यादं भलत्याच घरात जातं आणि सात-आठ चालींनी लक्षात येतं की दोघं दोन वेगळे डाव खेळतायत. आंतरराष्ट्रीय अंध बुद्धिबळात यासाठी उभ्या ओळींना आना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्टाव्ह, हेक्टर अशी नावं आहेत. पेटीतल्या ब्रेल कागदावर ती दिली आहेत. समोरच्याने चाल ऐकून परत उच्चारायची आणि मगच आपल्या पटावर करायची, हा नियमही त्यात आहे. हा डाव साध्या कॉलवर उत्तम चालतो, झूमची गरजच नाही.

बोचियाचा, म्हणजे पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू टाकायच्या खेळाचा, संच मात्र घरगुती आहे. अधिकृत चेंडू २७५ ग्रॅमच्या आसपास, घेर २७ सेंटिमीटर. सहा लाल, सहा निळे, एक पांढरा. इथे मोज्यात तांदूळ भरून शिवलेले चेंडू दिलेत. आवाज होत नाही, खालचे शेजारी तक्रार करत नाहीत, हे खरं. पण मुंबईच्या पावसाळ्यात तांदळाला किडे न पडले तरच नवल. त्यापेक्षा प्लास्टिकचे मणी भरलेले बरे. शिवाय हे मऊ चेंडू घरंगळत नाहीत, त्यामुळे ज्यांना हाताने फेकता येत नाही त्यांच्यासाठी दिलेली नळी वाया जाते. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली ही नळी कल्पना म्हणून झकास आहे. तिच्यासाठी दोन-तीन टणक चेंडू वेगळे द्यायला हवेत. वरचं टोक व्हीलचेअरच्या हातापेक्षा फार उंच धरू नका, नाहीतर प्रत्येक चेंडू थेट पलंगाखाली. नियमाप्रमाणे नळी धरणाऱ्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं असतं, नेम खेळाडूने सांगायचा. घरात नळी धरते आई, आणि आई वळून बघतेच!

पेटी परत आल्यावर पुढच्या घरी जाण्याआधी सगळं सॅनिटायझरने पुसतात. हेतू चांगला, पद्धत चुकीची. अल्कोहोलने ॲक्रिलिकच्या लुडो पटाला बारीक तडे गेलेत आणि चोळून चोळून कागदी पत्त्यांवरचे ब्रेल ठिपके बसलेत. प्रयोगशाळेत कोरोनाचा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत टिकलेला दिसला होता. तेव्हा पेटी चार दिवस बंद ठेवली आणि टिकाऊ वस्तू साबणाच्या पाण्याने धुतल्या की काम झालं.

आता झूम. फुकट खात्यावर चाळीस मिनिटांची मर्यादा आहे आणि त्यातली पंधरा ‘आवाज येतोय का’मध्ये जातात. पण मुख्य दोष खेळाच्या निवडीत आहे. गाण्याच्या भेंड्या! आवाज उशिरा पोचत असल्याने एकत्र गाता येत नाही आणि कर्णबधिर मुलं नुसती बघत बसतात. त्यात झूम आवाजामागे धावतं, खुणांनी बोलणारा आपोआप पुढे येत नाही. तास चालवणाऱ्या संचालकाने त्याला दर वेळी स्पॉटलाइट करायला, म्हणजे सगळ्यांच्या पडद्यावर मोठं दाखवायला हवं, आणि खुणांच्या दुभाष्याची चौकट सर्वांकडून पिन करून, म्हणजे आपापल्या पडद्यावर पक्की करून घ्यायला हवी. तासाच्या सुरुवातीची दोन मिनिटं यासाठी ठेवली तर पुढचा तास सुधारतो. चॅट फक्त संचालकापुरती ठेवावी. नाहीतर अंध सदस्याच्या कानात टॉकबॅक (फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) प्रत्येक ‘गुड मॉर्निंग ताई’ वाचत राहतो आणि सूचना बुडतात.

त्याऐवजी वस्तूंच्या भेंड्या घ्या: शेवटच्या अक्षराची वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायची, नाव मोठ्याने आणि खुणेनेही सांगायचं, रंग-आकाराचं वर्णन करायचं. धावत जाऊन आणण्याची शर्यत मात्र नको. दहा वस्तू आधीच जवळ घेऊन बसायचं.

व्यायामाच्या भागात एक गोष्ट गंभीर आहे. सगळ्यांना एकच कवायत दिली जाते, त्यात कोलांटीही आहे. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटी नकोच. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्यांना खालच्या अंगाला घाम येत नाही. बंद खोलीत ते लवकर तापतात. पंखा आणि पाण्याचा फवारा जवळ हवा. व्हीलचेअरचे ब्रेक लावल्याशिवाय रबरी पट्टा ओढायचा नाही, हे तर पहिल्याच मिनिटाला सांगायला हवं.

पेटी मागवताना खोलीचं माप कळवा. दहा फुटांच्या भिंतीलगत सहा फुटी नळी ठेवली की चेंडूला चारच फूट उरतात. चार फुटी नळी मागितली तर देतात.