तिरकी उशी: सात महिने वापरल्यावर

छातीत जळजळ, मग कळ, मग ‘हा हार्ट अटॅक तर नाही?’ या धास्तीने रात्री दोन-दोनदा उठून बसायचो. ईसीजी, टू-डी इको सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, आम्ल अन्ननलिकेत वर येतंय, झोपताना छातीपासून वरचा भाग उंच ठेवा. दोन उशा रचून पाहिल्या, पण त्याने मान अवघडते आणि पोट दुमडून त्रास वाढतो. म्हणून ही फोमची तिरकी उशी घेतली. डोक्याकडे ७ इंच उंच, कमरेपर्यंत उतरती.

पहिला आठवडा झोपेत घसरून खाली यायचो. बायकोने गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी सारली, तेव्हा कुठे जमलं. डाव्या कुशीवर जास्त आराम पडतो. कव्हरमध्ये फार घाम येतो, सुती खोळ शिवून घ्याच.

नुसत्या उशीने भागत नाही. जेवण आठच्या आत, पँटोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) नाश्त्याआधी अर्धा तास, रात्रीची मिसळ बंद. आणि घाम फुटला, कळ हातात-जबड्यात गेली, तर ॲसिडिटी समजून पडून राहू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

भीती अजून येते. पण तीनला जाग आली तरी आता मी नाडी मोजत बसत नाही, कूस बदलून झोपतो.